सावली सरकायच्या आत: जागेवर लँडस्केप करणाऱ्याची सकाळ, पायरीपायरीने

सकाळी साडेसातला वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर चित्र काढायला पोचलो की माझ्या हातात जेमतेम दोन तास असतात. पुढे ऊन चढतं, पायऱ्यांवरच्या सावल्या आखडतात आणि ज्यासाठी पुण्याहून नव्वदेक किलोमीटर गाडी हाणली ते दृश्यच समोर उरत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चित्राचा सगळा सांगाडा सावल्यांवर उभा, आणि तो सांगाडाच डोळ्यांदेखत हलतोय. त्या दोन तासांत चित्र सोडून दुसऱ्या कशासाठीही उठावं लागू नये, एवढ्यासाठी बाकीची सगळी तयारी असते. हाताचा सराव कुठलाही क्लास करून घेईल. ही तयारी मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

मी जलरंगात काम करतो, त्यामुळे सगळं जलरंगाच्या अंगाने येईल. शाळेतल्या ड्रॉइंगच्या परीक्षेत ‘निसर्ग’ म्हणून जास्वंदीची फांदी रंगवली असेल, तर ते प्रकरण वेगळं. समोर दिसणाऱ्या घाटाच्या, डोंगराच्या, गावाच्या चित्राला आम्ही सरळ लँडस्केप म्हणतो, आणि जागेवर जाऊन करायचं असेल तर ‘आउटडोअरला चाललोय’ म्हणतो.

सॅक रात्रीच भरायची

पहाटे साडेचारला झोपेत भरलेल्या सॅकमध्ये काहीतरी राहतंच. एका एप्रिलमध्ये सासवडकडच्या माळावर पोचल्यावर लक्षात आलं की पाण्याच्या दोन्ही बाटल्या घरी ओट्यावर उभ्या आहेत. आसपास ना विहीर, ना वस्ती. थर्मासमध्ये चहा होता, त्यातच ब्रश बुडवले. उन्हाने करपलेल्या माळाला तो रंग शोभलाही. चित्र घरी आणून भिंतीला टेकवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. आमच्याकडे चहात साखर जरा जास्तच असते.

तेव्हापासून दोन लिटर पाणी घेतो: एक रंगाला, एक प्यायला. दोन्ही बाटल्या दिसायला वेगळ्या, कारण रंगात गुंतलेला माणूस कुठलीही बाटली तोंडाला लावतो. नदीकाठी बसलो तरी रंगाचं पाणी घरचंच. नदीच्या पाण्यात साबण असतो, बारीक गाळ असतो, आणि तो आकाशाच्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट थरात, बरोबर दिसतो. काम संपल्यावर मगमधलं गढूळ पाणी नदीत ओतू नका. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात. रिकाम्या बाटलीत भरून परत आणा.

कागदात कंजुषी करू नका. शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), थोडा खरखरीत म्हणजे कोल्ड प्रेस कागद घ्या. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची येते. तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चा कागद मिळतो, आणि आउटडोअरला हाच आकार सोयीचा. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर पहिला वॉश बरा बसतो, पण वर दुसरा टाकला की खालचा रंग उठून येतो आणि चिखल होतो. नवशिक्याला वाटतं, आपला हातच वाईट. हात बरा असतो, कागद वाईट असतो. निव्वळ सरावासाठी हातकागद चालतो. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे, तिथले जाडे कागद मी बरीच वर्षं फाडले आहेत.

कागद घेताना एक खबरदारी. कागदाला खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग वर तरंगतो. दमट हवेत पडून राहिलेल्या कागदाची खळ मरते आणि तो टिपकागदासारखा रंग पितो. एका दुकानातून मी एकदम दहा शीट आणल्या होत्या. त्यांनी तिथे किती पावसाळे काढले होते कोण जाणे, प्रत्येक वॉशमध्ये देवीच्या व्रणांसारखे डाग उठले. आता आधी एकच शीट आणतो आणि कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला तरच बाकीच्या.

रंग आठ-नऊ पुरतात. माझ्या पॅलेटवर अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट ब्लू हे दोन निळे, यलो ऑकर (मातकट पिवळा), गँबोज (उजळ पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), लाइट रेड (विटकरी) आणि एक गुलाबी एवढे असतात, शिवाय अगदी शेवटच्या ठिपक्यांसाठी पांढऱ्या पोस्टर कलरची छोटी बाटली. काळा नसतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. पीआर ८३ लिहिलेला अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल दिसतो सुंदर, पण उजेडात उडतो. विकायच्या चित्रात तो नको. विद्यार्थ्यांसाठीच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. ते सरावाला ठीक, पण गडद सावली मारायची वेळ आली की त्यांचा दम संपतो. रंग रात्रीच पॅलेटमध्ये पिळून, वर पाण्याचा फवारा मारून झाकून ठेवा. सकाळी ते लोण्यासारखे मऊ हवेत. वाळलेली वडी घासत बसण्यात पाच-सात मिनिटं जातात. आपण बाहेर बसून हे करू शकतो याचं श्रेय पत्र्याच्या ट्यूबला आहे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने ती १८४१ मध्ये काढली, तोवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत.

ब्रश तीन-चार बास: वॉशसाठी मोठा मॉप (जाड, मऊ, भरपूर पाणी धरणारा), १२ नंबरचा राउंड (गोल, टोकदार), ८ नंबरचा राउंड, आणि तारा-फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर. जुन्या सुती धोतराचं किंवा बनियनचं फडकं, मास्किंग टेप, २बी पेन्सिल, खोडरबर. कागदापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा हलका प्लायचा बोर्ड. घडीचं स्टूल.

स्टँडचं म्हणाल तर माझ्याकडे ट्रायपॉडचं ईझल आहे आणि ते बहुतेक वेळा घरीच असतं. ट्रायपॉड उघडला की रखवालदार लांबूनच “शूटिंगची परवानगी आहे का?” म्हणत येतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला खरोखरच परवानगी लागते. स्टुलावर बसून बोर्ड मांडीवर घेतला की सहसा कोणी काही विचारत नाही.

छत्री काळी किंवा पांढरी घ्या. निळ्या छत्रीखाली सगळा कागद निळसर दिसतो आणि नकळत आपण चित्र गरम रंगांनी भरून टाकतो. माझं एक अख्खं हरिहरेश्वर असंच नारिंगी झालंय.

जागा हेरायची कशी

नव्या गावी पहिल्या खेपेला चित्र काढायच्या फंदात पडू नका. नुसतं फिरा, लहान स्केचबुकात टिपणं करा: अमुक भिंतीवर ऊन किती वाजता येतं, बाजार कुठल्या वारी भरतो, चहा कुठे मिळतो. वाईत ढोल्या गणपतीसमोरचा घाट सगळेच काढतात, मीही काढलाय. पण तिथे माणसांची आणि गाड्यांची गर्दी फार, म्हणून मी तीनेक किलोमीटर पुढे मेणवलीला जातो. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, देवळं, आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर तिथून आणलेली ती प्रचंड पोर्तुगीज घंटा. काही पावलांत चार वेगळी चित्रं आहेत.

दर वेळी एवढं लांब जायला हवंच असंही नाही. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्याच कोटितीर्थ तलावाच्या परिसराची चित्रं पुन्हा पुन्हा केली. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरून दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर मी एक अख्खा जून काढलाय.

बसायची जागा ठरवताना मी क्रमाने हे बघतो. सर्वांत आधी वर. जुन्या तटाखाली, कमानीत, मोठ्या झाडावर आग्या मोहोळ आहे का? असेल तर तिथून मुकाट्याने निघायचं. मधमाश्यांच्या आसपास अत्तर नको, विडी-सिगारेट नको. मग सावली, आणि ती आत्ता कुठे आहे यापेक्षा दीड तासाने कुठे असेल हे बघायचं. कागदावर थेट ऊन पडलं तर पांढऱ्याने डोळे दिपतात, आपण सगळं गडद रंगवत जातो आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र कोळशासारखं दिसतं. पाठीशी भिंत किंवा खांब असावा, म्हणजे मागे घोळका जमत नाही. आणि कोणाच्या वाटेत किंवा धुण्याच्या दगडावर बसायचं नाही. तो दगड त्या बाईचा रोजचा असतो, आपण एका सकाळचे पाहुणे.

धरणाची भिंत, लष्कराची हद्द, गोदी अशा ठिकाणी स्केचबुकही काढू नका. ‘फक्त चित्रच काढतोय’ हे चौकीवर पटवण्यात सकाळ जाते.

आमच्या गटातल्या मैत्रिणींनी सांगितलेलं एक, जे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं: जागा हेरताना स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं, आणि आडजागी एकटीने न जाता दोघी-तिघींनी जायचं. त्यांच्या यादीत प्रकाशाचा नंबर यानंतर लागतो.

पहिली वीस मिनिटं: काडेपेटीएवढं चित्र

बसल्याबसल्या कागदाला हात लावू नका. स्केचबुकात काडेपेटीएवढ्या दोन-तीन चौकटी आखा आणि दृश्य तीनच टोनमध्ये मांडा: पांढरा, मधला, काळा. डोळे बारीक करून बघितलं की बारकावे पुसले जातात आणि हे तीन टोन आपोआप वेगळे होतात.

मेणवलीला डोळ्यांना सगळंच हवं असतं: वाड्याची भिंत, शिखर, झाडं, पायऱ्या, पाणी, धुणं धुणाऱ्या बायका. एकच उचलायचं. गेल्या माघातल्या सकाळी मी उचललं ते असं: वरच्या सात-आठ पायऱ्या सावलीत, खालच्या चार उन्हात, आणि त्या सीमेवर वाळत घातलेलं एक पिवळं लुगडं. शिखर अर्धवट कापलं. वड गाळला. चौकटीत लुगडं मधोमध येत होतं, ते डावीकडे तिसऱ्या हिश्शावर सरकवलं.

मग मुख्य कागदावर पेन्सिल, दहा मिनिटांत. आधी डोळ्याच्या उंचीची आडवी रेघ. आपण सर्वांत खालच्या पायरीवर बसलो तर ती रेघ खाली येते, वरच्या पायऱ्यांचे माथे दिसत नाहीत, फक्त उभ्या बाजू एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. वर बसलो तर उलट. सगळ्या पायऱ्या आखू नका. जवळच्या तीन नीट, सर्वांत वरची एक, मधल्या तुटक रेघांनी सुचवायच्या. आता सर्वांत महत्त्वाचं: सावलीची कड पेन्सिलने आत्ताच आखून टाका आणि त्याच क्षणी फोनवर एक फोटो घ्या. यापुढे सावली कुठेही जावो, आपली सावली हीच. जी सरकत जाईल तिच्यामागे धावलात तर एकाच चित्रात साडेसात आणि साडेनऊ दोन्ही वाजतात. फोटो फक्त आकारासाठी ठेवा. रंग त्यावरून उचलू नका, कॅमेरा सावल्या काळ्याठिक्कर करतो.

फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची मालिका केली तेव्हा ते अनेक कॅनव्हास जवळ ठेवत आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलत. आपल्याला एवढी चैन नाही. चित्र अपुरं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत यायचं.

रंग: चाळीस ते पन्नास मिनिटं

बोर्ड मागून थोडा उचललेला ठेवा, म्हणजे रंग खाली ओघळत येतो. पहिला वॉश मोठ्या ब्रशने, आकाशापासून पाण्यापर्यंत सलग. वर कोबाल्ट, खाली येताना त्यात ऑकर, दगडावर ऑकर आणि सिएना, पाण्यात पुन्हा आकाशाचा रंग. वस्तूंच्या कडा पाळू नका, फक्त जे पूर्ण पांढरं हवंय ते कोरडं सोडा. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्त वाटेल इतकाच लावा.

मग हात बांधून बसायचं. ही मिनिटं फार अवघड जातात. मी याच वेळी चहा ओततो, म्हणजे हात गुंततो. कागद वाळला का हे बोटाने चाचपू नका, तेलकट डाग पडतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावा: गार लागला तर अजून ओला आहे. अर्धवट वाळलेल्या वॉशवर पाणी भरलेला ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो, आणि तो मरेपर्यंत जात नाही. मेच्या उन्हात वॉश दोन मिनिटांत वाळतो. जुलैत भीमाशंकरकडे तासभर वाळत नाही. तिथे सगळं चित्र ओल्यावर ओलं असंच करायचं, कडा शोधत बसायचं नाही.

दुसऱ्या फेरीत मधले टोन. आपल्याकडचा घाटाचा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याला काळा रंग लावला तर डांबर वाटतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच मिसळू द्या. उन्हातल्या दगडात सिएना जास्त, सावलीतल्यात निळा, ओल्या पायरीला हेच मिश्रण घट्ट. कोकणात गेलात तर जांभ्याला लाइट रेड आणि ऑकर लागतो, ते गणित वेगळं. सावली एका दमात, वरपासून खालपर्यंत न उचलता मारायची. दहा पायऱ्यांच्या दहा सावल्या सुट्या मारल्या तर चित्राची शिडी होते. सावलीवर दुसरा हात फिरवायचा मोह टाळा. पहिला हात थोडा चुकलेला असला तरी त्यात प्रकाश असतो.

हिरव्याबद्दल थोडक्यात: ट्यूबमधला हिरवा थेट लावू नका, खेळण्यातलं झाड दिसतं. गँबोजमध्ये अल्ट्रामरीन आणि किंचित सिएना. ऑगस्टमधल्या मावळात सिएना जवळजवळ बंद, मार्चमध्ये सिएनाच जास्त.

पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली उतरतं, तिरकं जात नाही. उजळ वस्तूचं प्रतिबिंब किंचित गडद आणि गडद वस्तूचं किंचित उजळ असतं. एवढं पाळलं तरी पाणी पाण्यासारखं दिसतं. उभे फटकारे झाल्यावर एक-दोन आडव्या कोरड्या रेघा, बस.

शेवटची दहा मिनिटं सर्वांत गडद रंगांची: दाराची पोकळी, झाडाखालचा काळोख, पायरीच्या सांध्यातली फट. माणसं याच वेळी. गाजरासारखं अंग, वर ठिपक्याएवढं डोकं, डोकं आणि खांद्यात केसाएवढी फट. पाय पुरे करू नका, खाली निमुळते सोडून द्या, माणूस चालायला लागतो. डोकं मोठं झालं की तो मुलगा वाटतो, हे मी शंभरेक माणसं बिघडवून शिकलो.

मागे उभे असलेले

त्या माघातल्या सकाळी एक आजोबा बराच वेळ मागे उभे होते. शेवटी म्हणाले, “पाव्हणं, वड कुठाय?”

“घेतला नाही आजोबा. जागा पुरली नाही.”

“कागुद तर रिकामा दिसतोय की वर.”

मी म्हटलं, ते आकाश आहे. त्यांनी आकाशाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि “आभाळ काय, कुठं बी हाय. वड हितंच हाय,” म्हणून निघून गेले. वड मी तरीही घातला नाही. पण घरी आल्यावर ते चित्र बघताना दर वेळी आधी रिकामी जागाच दिसते, त्यामुळे पुढच्या खेपेला फक्त वडाचं चित्र केलं.

मुलं असतील तर एखाद्याला जुना ब्रश आणि कोरा कागद द्या, बाकीचे त्याच्याभोवती जमतात आणि आपण सुटतो. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. “मावशी, लांबूनच काढतोय, चेहरा नाही येणार,” एवढं सांगितलं की बहुतेक वेळा हसून मान डोलावतात. नाही म्हणाल्या तर नाही. “केवढ्याला देणार?” हा प्रश्न मात्र हमखास येतो, त्याचं उत्तर तयार असावं.

किंमत आणि पोट

माझी पद्धत चौरस इंचाची. ११ बाय १५ म्हणजे १६५ चौरस इंच. दर ४० रुपये धरला तर ६,६०० रुपये, फ्रेम वेगळी. दर आपापल्या अनुभवाप्रमाणे ठरवा, पण मेव्हण्यालाही तोच सांगा. आवडत्या चित्राला जास्त आणि नावडत्याला कमी असं सुरू केलं की गिऱ्हाईक गोंधळतं. गॅलरी विक्रीचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा घेते, म्हणून गॅलरीची आणि घरची किंमत एकच ठेवायची तर तो वाटा आधीच दरात धरलेला हवा. चित्रं देताना यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या. एका दालनात माझी पाच चित्रं गेली आणि परत आली चार. पाचवं कुणाच्या केबिनमध्ये लागलं, हे सिद्ध करायला माझ्याकडे चिठोराही नव्हता.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि तिथे दालन मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. अर्ज करून ठेवा आणि विसरून जा. तोवर घर चालतं ते शनिवार-रविवारच्या वर्गांवर, प्रात्यक्षिकांवर आणि ‘आमच्या गावचा वाडा काढून द्या’ अशा मागण्यांवर. परदेशात राहणाऱ्या मुलांना पाडायला निघालेल्या वाड्याचं चित्र हवं असतं. ते काम मी फोटोवरून घेत नाही, वाडा उभा असेपर्यंत जाऊन बसतो. निम्मे पैसे आधी, प्रवासखर्च वेगळा, आणि बदल फक्त पेन्सिलीच्या कच्च्या चित्रात. रंग झाल्यावर ‘तुळशीवृंदावन जरा इकडे घ्या’ जलरंगात शक्य नसतं.

घरी आल्यावर

आधी ब्रश साबणाने धुऊन, टोक जुळवून आडवे ठेवा. चित्र त्या दिवशी बघू नका, जागेवरचं ऊन अजून डोळ्यांत असतं. दोन दिवसांनी भोवती पांढरा माउंट (जाड कागदाची चौकट) ठेवून बघा. दुरुस्ती करायचीच तर एखादी गडद जागा किंवा एखादी कड, त्यापुढे हात गेला की त्यातली सकाळ जाते. चित्राच्या पाठीवर पेन्सिलने गाव, तारीख, वेळ आणि वापरलेले रंग लिहा. पावसाळ्यात चित्रं भिंतीला चिकटवून ठेवू नका, बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. लँडस्केपवाल्याची कंबर चाळिशीत बोलायला लागते, तेव्हा दर वीस मिनिटांनी उठून चित्र चार पावलांवरून बघायची सवय आत्ताच लावून घ्या, कंबरेलाही बरं आणि चित्रालाही.

फसलेले कागद फेकू नका. कापसाच्या कागदाची मागची बाजूही रंग घेते. त्या वडाचं चित्र असंच एका फसलेल्या घाटाच्या पाठीवर आहे.

आणि बाटल्या आत्ताच भरून सॅकमध्ये टाका.